घरकुलाच्या तापणाऱ्या भिंती: काय करावे, कशावर खर्च करू नये

सिमेंट ब्लॉकच्या बांधून झालेल्या घराला उष्णतारोधक थर देण्याविषयी माहिती

पक्के घर मिळाल्यावर पहिला पावसाळा समाधानाचा जातो. छप्पर गळत नाही, भिंतीची माती सुटत नाही. मग उन्हाळा येतो. दुपारी घर तापते, आणि रात्री दहा वाजता बाहेर वारा सुटलेला असतानाही आतली भिंत हाताला गरम लागते. "आमचे जुने मातीचे घर यापेक्षा थंड होते" असे अनेक लाभार्थी सांगतात. हा भास नाही, त्याला कारण आहे. ते कारण समजले तर थोड्या पैशात बराच फरक पाडता येतो. समजले नाही तर चुकीच्या वस्तूवर पैसे जातात.

ही माहिती कोणासाठी आहे?

- ज्यांचे घर सिमेंटच्या भरीव किंवा पोकळ ब्लॉकचे, अथवा फ्लाय अॅश विटांचे असून बांधून पूर्ण झाले आहे.
- ज्यांना हे घर प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी किंवा राज्याच्या इतर घरकुल योजनेतून मिळाले आहे, किंवा ज्यांनी ते स्वतःच्या पैशाने बांधले आहे.
- महाराष्ट्रातील, तसेच बेळगाव, निपाणी, खानापूर, बंगळुरू अशा ठिकाणी राहणारी मराठी कुटुंबे.

थोडक्यात सांगायचे तर

१. आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग पूर्वेची. चारही भिंतींना थर देण्याची गरज बहुतेक घरांना नसते.
२. पहिला उपाय सावली, दुसरा पांढरा रंग, तिसरा उष्णतारोधक थर. हा क्रम उलटा करू नये.
३. ओल असलेल्या भिंतीवर कोणताही थर लावू नये.
४. बांधून झालेल्या घराच्या भिंतींना थर देण्यासाठी घरकुल योजनेतून वेगळा हप्ता मिळत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

उष्णतारोधन म्हणजे काय?

शासकीय कागदपत्रांत 'उष्णतारोधन' किंवा 'इन्सुलेशन' असा शब्द येतो. गवंडी त्याला सरळ 'थर्माकोल लावणे' म्हणतात. अर्थ एकच: भिंतीच्या एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला सहज पोहोचू नये म्हणून मध्ये घातलेला अडसर. चहाच्या थर्मासमध्ये जे होते तेच येथे करायचे असते. थर्मास उष्णता तयार करत नाही आणि थंडावाही तयार करत नाही. तो फक्त उष्णतेची ये-जा मंदावतो. म्हणून उष्णतारोधक थर लावल्यावर घर 'थंड' होत नाही, ते कमी तापते. हा फरक समजून घेतला तर अपेक्षा बरोबर राहते.

सिमेंटची भिंत का तापते?

प्रत्येक साहित्यातून उष्णता वेगवेगळ्या वेगाने जाते. भरीव काँक्रीटमधून ती विटेच्या मानाने सुमारे दुप्पट, वजनाला हलक्या एएसी ब्लॉकच्या मानाने सुमारे आठपट आणि थर्माकोलच्या मानाने जवळजवळ चाळीसपट सहज जाते. म्हणजे एक इंच थर्माकोल उष्णता जितकी अडवतो, तितकी अडवायला सुमारे तीन फूट जाड काँक्रीटची भिंत लागेल. घरकुलाची भिंत असते सहा किंवा आठ इंचांची.

आता जुन्या घराचा विचार करा. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असत. एवढी जाड मातीची भिंत साधारण एक इंच थर्माकोलइतकी उष्णता अडवते. शिवाय ती इतकी जड असते की दुपारचे ऊन आतपर्यंत पोहोचण्याआधी रात्र होते. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९३६ पासून उभ्या असलेल्या गांधीजींच्या निवासातही मातीच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि भिंतीवर ऊन पडू न देणारी पडवी दिसते. वर्धा हा कडक उन्हाळ्याचा जिल्हा आहे, आणि तेथील जुने बांधकाम त्या उन्हाला दिलेले उत्तर आहे.

आपण मातीचे घर सोडले ते योग्य कारणांसाठी: गळती, वाळवी, दरवर्षीची डागडुजी, पावसात पडझड. पण ते सोडताना जाड भिंत आणि पडवी या दोन गोष्टीही सुटल्या. त्या परत कशा आणायच्या, एवढाच प्रश्न आहे.

रात्री भिंत गरम का लागते?

सहा इंची भरीव ब्लॉकच्या भिंतीतून उष्णता आत यायला साधारण चार तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर सर्वांत जास्त ऊन दुपारी तीन ते पाच या वेळेत पडते. ते आतल्या बाजूला संध्याकाळी सात ते नऊच्या सुमारास पोहोचते, म्हणजे घरातली माणसे कामावरून परतून जेवायला आणि झोपायला येतात तेव्हा. बाहेर गार झालेले असते आणि भिंत मात्र आत उष्णता सोडत असते. पंखा लावला तर तीच गरम हवा फिरते.

आधी ओळखा: कोणती भिंत तापते?

खर्च करण्याआधी एक दिवस ही पाहणी करा. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

- दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ अशा तीन वेळी प्रत्येक भिंतीच्या आतल्या बाजूला आणि छताला (स्टुलावर उभे राहून, जपून) तळहात लावा. कोणती बाजू सर्वांत गरम आहे ते कागदावर लिहा.
- बाहेरून प्रत्येक भिंतीवर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ऊन असते ते लिहा.
- भिंतीवर पोपडे, पांढरी क्षाराची पावडर किंवा ओलीचे डाग आहेत का ते पाहा.

बहुतेकांचा समज असतो की दक्षिणेची भिंत सर्वांत जास्त तापते. आपल्या भागात भर उन्हाळ्यात तसे नसते. मे महिन्यात दुपारी सूर्य महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतो. काही दिवस भर दुपारी सावली पायाखाली येते, त्यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. बंगळुरूमध्ये तो एप्रिलच्या अखेरीस येतो, नागपूरमध्ये मेच्या अखेरीस. सूर्य डोक्यावर असताना सर्वांत जास्त ऊन छतावर पडते, दक्षिणेच्या भिंतीवर फारच थोडे. सकाळचे तिरपे ऊन पूर्वेच्या भिंतीवर आणि दुपारनंतरचे पश्चिमेच्या भिंतीवर येते. दुपारनंतर हवाही तापलेली असल्याने पश्चिमेची भिंत जास्त त्रास देते. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येते ते हिवाळ्यात, आणि तेव्हा ते हवेसेच असते.

म्हणून छत तापत असताना भिंतीवर पैसे घालणे म्हणजे उघड्या दाराच्या घरात खिडकीला कडी घालण्यासारखे आहे. आधी छत.

एका भिंतीचा हिशेब

दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशी पश्चिमेची भिंत घेऊ. क्षेत्रफळ ९० चौरस फूट, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मीटर. भिंत सहा इंची भरीव ब्लॉकची, दोन्ही बाजूंना गिलावा, बाहेरून गडद रंग. दुपारी भिंतीची बाहेरची बाजू ५५ अंश आणि खोलीतील हवा ३३ अंश आहे असे धरू.

- भिंत आहे तशी ठेवली तर: सुमारे ६६० वॉट उष्णता आत येते.
- बाहेरून पांढरा रंग दिल्याने भिंतीची बाहेरची बाजू ४५ अंशांवर राहिली तर: सुमारे ३६० वॉट.
- रंग न बदलता बाहेरून एक इंच थर्माकोलचा थर दिला तर: सुमारे १९० वॉट.

हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात ऊन तासातासाला बदलते, त्यामुळे आकडे पुढेमागे होतील. पण त्यातून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, न रंगवलेली पश्चिमेची भिंत म्हणजे दुपारभर खोलीत चालू ठेवलेली विजेची लहान शेगडी. दुसरी, केवळ पांढऱ्या रंगाने जवळजवळ निम्मे काम होते. चुन्याच्या पांढऱ्या हाताचा खर्च थर्माकोलच्या कामापुढे अगदी किरकोळ असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

उपायांचा क्रम

पायरी १: बिनखर्चाचे बदल

- खाट किंवा अंथरूण पश्चिमेच्या भिंतीपासून किमान दोन हात दूर घ्या. लहान मूल आणि वृद्ध व्यक्ती त्या भिंतीला टेकून झोपणार नाही असे पाहा.
- कपाट, धान्याच्या कोठ्या, अंथरुणांची चळत पश्चिमेच्या भिंतीकडे ठेवा. भिंतीला खेटवू नका, चार बोटे जागा सोडा.
- सकाळी ऊन तापायला लागल्यावर खिडक्या बंद करून पडदे ओढा. सूर्य मावळल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. पाण्याचा कूलर चालू असेल तेव्हा मात्र एक खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो.
- दुपारचा स्वयंपाक शक्य तितका सकाळी आटोपा. चूल असेल तर ती पडवीत घ्या.

पायरी २: सावली

भिंतीवर ऊन पडल्यानंतर उष्णता अडवण्यापेक्षा ऊन पडूच न देणे स्वस्त आणि खात्रीचे असते.

- पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर बांबूचा तट्टा किंवा तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड उभा करा. मधली जागा वर आणि खाली मोकळी ठेवा. तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी हवा येते. तट्टा भिंतीला चिकटवला तर हा फायदा मिळत नाही.
- हिरवी शेडनेटची जाळी चालते, पण तीही भिंतीपासून अंतर ठेवूनच बांधा.
- दोडका, गिलके, कारले, वाल यांचे वेल मांडवावर चढवा. वेल थेट भिंतीवर चढवू नये, मुळांमुळे आणि पाण्यामुळे गिलावा सुटतो. वेलाने भिंत झाकायला काही आठवडे लागतात, म्हणून एप्रिलसाठी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत करावी.
- शक्य असेल तर पश्चिमेला पडवी काढा. पत्र्याची पडवी असेल तर पत्र्यालाही वरून पांढरा रंग द्या.

पायरी ३: पांढरा रंग

- छताला आणि पश्चिम-पूर्वेच्या भिंतींना बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. आधी भिंत व छत घासून धुवा, भेगा भरा, वाळू द्या.
- चुना नीट भिजवलेला व गाळलेला असावा. चिकटपणासाठी त्यात डिंक किंवा फेविकॉलसारखा पदार्थ मिसळतात.
- कळीचा चुना पाण्यात घातल्यावर उकळतो आणि उडतो. तो भिजवताना मुलांना दूर ठेवा. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घाला. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.
- पांढरा रंग धुळीने मळला की त्याचे काम घटते. दरवर्षी मार्चमध्ये छत धुऊन नवा हात द्यावा.

छत पांढरे करण्याचा उपाय शासनानेही स्वीकारलेला आहे. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. पुढे तेथील वस्त्यांमध्ये छतांना पांढरा रंग देण्याचे काम त्याचा भाग झाले. तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

पायरी ४: उष्णतारोधक थर

पहिल्या तीन पायऱ्या करून एक उन्हाळा पाहा. तरीही रात्री नऊ वाजता पश्चिमेची भिंत हाताला गरम लागत असेल, तर थराचा विचार करा.

थर बाहेरून लावावा की आतून?

शक्य असेल तेथे बाहेरून. त्याची कारणे अशी:

- ऊन आत येण्याआधीच अडते. जड ब्लॉकची भिंत थराच्या आत राहते, रात्री खिडक्या उघडल्यावर गार होते आणि दिवसा तो गारवा टिकवते.
- घरातली जागा कमी होत नाही. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यात चार-चार बोटेही मोलाची असतात.
- खिळे, खुंट्या, विजेची फिटिंग यांना हात लावावा लागत नाही.

आतून थर लावावा लागतो तो फ्लॅटमध्ये, शेजाऱ्याच्या हद्दीला लागून असलेल्या भिंतीवर किंवा भाड्याच्या घरात. तेव्हा थर्माकोल उघडा ठेवू नये. तो पूर्णपणे गिलावा किंवा जिप्सम बोर्डने झाकला पाहिजे.

बाहेरून थर लावण्याच्या कामाचा क्रम

१. ओल काढा. छताचे पाणी भिंतीवर येते का, नळ गळतो का, पायथ्याशी पाणी साचते का ते पाहा. दुरुस्ती करून भिंत पूर्ण वाळू द्या. हे काम पावसाळ्यानंतर ते मार्चपर्यंत करावे.
२. सुटलेला गिलावा काढा. ठोकल्यावर पोकळ आवाज येतो तो भाग खरवडून पुन्हा भरा.
३. थर्माकोल निवडा. वस्तू पॅक करण्याचा हलका थर्माकोल चालत नाही. दुकानात 'बांधकामाचा, आग न पसरवणारा' असे सांगून मागा. घनता किमान १५ ते २० किलो प्रति घनमीटर असावी. या वस्तूसाठी भारतीय मानक आयएस ४६७१ आहे, बिलावर किंवा पाकिटावर तो क्रमांक पाहा. एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पत्रे घेतले तर वरच्या ९० चौरस फूट भिंतीला १७ पत्रे लागतात. तूटफूट धरून १९ घ्या.
४. पत्रे चिकटवा आणि ठोका. सिमेंटमध्ये मिसळून वापरायच्या चिकट मिश्रणाने पत्रे भिंतीवर बसवा, विटांप्रमाणे सांधे तोडून. नुसत्या चिकटपणावर विसंबू नका. प्रत्येक पत्र्याला रुंद टोपीचे प्लॅस्टिकचे खिळे लावा. सांध्यात फट ठेवू नका.
५. जाळी लावा. पत्र्यांवर पातळ गिलावा, त्यात काचतंतूची जाळी दाबून बसवा, वरून दुसरा हात द्या. जाळीशिवाय केलेल्या गिलाव्याला पहिल्याच वर्षी भेगा पडतात.
६. कडा बंद करा. खिडकीच्या कडा, भिंतीचे कोपरे आणि खालची कड उघडी राहिली तर उंदीर व मुंग्या आत शिरतात आणि पाणी मुरते. खालची कड जमिनीपासून किमान वीतभर वर ठेवा.
७. वरून पांढरा रंग द्या.

शंका असेल तर आधी फक्त एका भिंतीचे काम करून घ्या. एक उन्हाळा पाहून मग पुढे जा.

टाळायच्या चुका

- ओल्या भिंतीवर थर: ओल आत कोंडते. गिलावा सुटतो आणि घरात कुबट वास व बुरशी येते.
- उघडा थर्माकोल: तो पेटला तर काळा, विषारी धूर होतो. चूल, गॅस आणि देवघरातील दिव्याजवळ तो आतून लावूच नये.
- विजेच्या तारा थर्माकोलला टेकलेल्या: अशा स्पर्शाने तारेवरील प्लॅस्टिकचे आवरण हळूहळू खराब होते. तारा पाइपातूनच न्याव्यात.
- भिंतीला घट्ट चिकटवलेला चमकता कागद: चांदीसारखा पत्रा किंवा फुग्यांचा कागद उपयोगी पडतो तो त्याच्या चमकत्या बाजूसमोर हवेची मोकळी जागा असेल तेव्हाच. तो गिलाव्याखाली दाबला तर पैसे वाया जातात.
- पोकळ ब्लॉकमध्ये भोके पाडून भरणी: ब्लॉकच्या मधल्या सिमेंटच्या पडद्यांतून उष्णता जातच राहते. फायदा थोडा, भिंतीचे नुकसान जास्त.
- सर्व झरोके बंद करणे: घरात चूल किंवा गॅस असेल तर हवा खेळती राहिलीच पाहिजे.

आपल्या भागात काय करावे?

विदर्भ आणि खानदेश: नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला, जळगाव येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. छत पांढरे करणे, पश्चिमेला सावली आणि गरज पडल्यास थर, हे तिन्ही उपाय येथे सार्थकी लागतात. कोराडी आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे या भागात फ्लाय अॅश विटा सहज मिळतात. नवीन खोली काढताना ब्लॉकपेक्षा वीट बरी, पण पश्चिमेला सावली तिलाही लागतेच.

मराठवाडा आणि सोलापूर: दिवस कडक आणि हवा कोरडी असली तरी रात्री बऱ्याचदा वारा असतो. रात्री खिडक्या उघडण्याचा फायदा येथे मोठा आहे. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी बसवणे हा येथे थर्माकोलच्या आधीचा खर्च असावा.

कोकण, गोवा, खानापूर आणि घाटमाथा: येथे उन्हापेक्षा पाऊस भिंतीचे जास्त नुकसान करतो. उघड्या भिंतीवर वाऱ्याचा पाऊस झोडपत असेल तर थर लावण्यापेक्षा छज्जा वाढवा. नारळाच्या झावळ्यांचे झाप लावून भिंत झाकण्याची कोकणातील रीत पावसासाठी आहे. तोच झाप एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला लावला तर ऊनही अडते.

बंगळुरू: हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि येथील रात्री सहसा गार असतात. घरे मात्र बहुतेक सहा किंवा चार इंची भरीव सिमेंट ब्लॉकची. हा लेख जे. पी. नगरमधील अशाच एका सर्वांत वरच्या मजल्याच्या भाड्याच्या खोलीत लिहिला आहे. एप्रिलमध्ये रात्री साडेनऊला खिडकीतून गार वारा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली उशी मात्र कोमट असते. खाट पूर्वेच्या भिंतीकडे सरकवणे आणि पश्चिमेच्या गच्चीच्या कठड्यावरून शेडनेट सोडणे, एवढ्यावर येथे उन्हाळा निभावतो. घरमालकाची परवानगी जाळीला सहज मिळते, भिंतीत खिळे मारायला मिळत नाही. बंगळुरूमध्ये बांधकामावर, कारखान्यात किंवा घरकामाला असलेल्या मराठी कुटुंबांनी भाड्याच्या खोलीत भिंतीच्या थरावर खर्च करू नये. पत्र्याच्या छताखाली राहत असाल तर सर्व लक्ष छतावर द्यावे.

योजनांतून पैसे मिळतात का?

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण): केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये साहाय्य हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होते. हे साहाय्य नवीन पक्के घर बांधण्यासाठी आहे. घर पूर्ण झाल्यावर भिंतींच्या थरासाठी त्यातून वेगळी रक्कम मिळत नाही. मात्र या योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदाराकडून नव्हे. त्यामुळे ज्यांचे बांधकाम अजून जोत्यापर्यंतच आले आहे त्यांना खिडकी कोणत्या बाजूला ठेवायची, पश्चिमेला छज्जा किती काढायचा, वीट घ्यायची की ब्लॉक, याविषयी विचार करायला वाव असतो. पंचायत समितीतील ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याशी याच टप्प्यावर बोला. नंतर थर्माकोलवर जो खर्च येईल, तो आज एका छज्ज्याने वाचू शकतो.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी): २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या अभियानात स्वतःच्या जागेवरील घर वाढवण्यासाठीही साहाय्य होते, परंतु 'वाढ' म्हणजे किमान ९ चौरस मीटर चटई क्षेत्राची भर, असा त्याचा अर्थ होता. रंग, गिलावा किंवा उष्णतारोधक थर त्यात बसत नव्हता. याच अभियानाशी जोडलेल्या सहा पथदर्शी प्रकल्पांपैकी इंदूर येथील १,०२४ घरांत सिमेंट आणि थर्माकोल यांच्या तयार पट्ट्यांच्या भिंती वापरल्या आहेत. म्हणजे हे साहित्य शासकीय घरबांधणीला अपरिचित नाही. पण ते तेथे बांधतानाच वापरले गेले.

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना: २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत छतावरील सौर संचासाठी १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान आहे. ही योजना विजेसाठी आहे, उष्णतारोधनासाठी नाही. परंतु सौर पट्ट्या छतापासून उंचावर बसत असल्याने त्यांच्याखालच्या स्लॅबवर सावली पडते. संच बसवणारच असाल तर झोपण्याच्या खोलीच्या वर तो बसू शकतो का, हे विचारून घ्या.

कायद्याने बंधन आहे का? निवासी इमारतींच्या भिंती व छतांसाठी केंद्र शासनाच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' जाहीर केली. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे. एकट्या घरकुलाला ती लागू होत नाही. 'नियमानुसार थर लावणे सक्तीचे आहे' असे सांगून कोणी वस्तू विकत असेल तर विश्वास ठेवू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: बांधकामाचा शेवटचा हप्ता यायचा आहे. आत्ताच थर लावला तर चालेल का?
उत्तर: आधी मंजूर बांधकाम पूर्ण करा, फोटो व पाहणी होऊ द्या, हप्ता जमा झाल्याची खात्री करा. स्वतःच्या पैशाने जादा काम त्यानंतर करा.

प्रश्न: योजनेतून फ्लॅट मिळाला आहे. बाहेरच्या भिंतीला थर लावता येईल का?
उत्तर: बाहेरची भिंत सर्वांची असते. गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी लागते. सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांनी एकत्र येऊन गच्ची पांढरी करण्याचा ठराव मांडावा. तो खर्च कमी असतो आणि त्याचा फायदा त्या मजल्यावरील प्रत्येक घराला मिळतो.

प्रश्न: आतून पांढरा रंग दिला तर चालेल का?
उत्तर: आतल्या पांढऱ्या रंगाने उजेड वाढतो, उष्णता कमी होत नाही. ऊन परतवायचे काम बाहेरच्या रंगाचे आहे.

प्रश्न: थर लावल्यावर हिवाळ्यात घर गार पडेल का?
उत्तर: नाही. थर दोन्ही बाजूंनी काम करतो. हिवाळ्यात आतली ऊब टिकायलाही तो मदत करतो.

प्रश्न: कर्ज काढून हे काम करावे का?
उत्तर: सावली आणि चुना यांसाठी कर्ज लागत नाही. त्यांनी काय फरक पडतो ते एक उन्हाळा पाहण्याआधी कर्ज काढू नये. बचत गटातून रक्कम उचलायची असेल तर ती आधी छतासाठी उचलावी.

घरात वृद्ध, आजारी किंवा लहान मूल असल्यास

भिंतीचे काम पुढच्या वर्षी होईल, उन्हाळा मात्र आत्ता आहे. दुपारी बारा ते पाच या वेळेत घरातली सर्वांत गार जागा शोधा, मग ती पडवी असो, झाडाखालची जागा असो, समाजमंदिर असो की शेजाऱ्याचे कौलारू घर, आणि या व्यक्तींना तेथे बसवा. दर तासाला पाणी द्या. अंग ओल्या फडक्याने पुसा. अंग फार तापले, बोलणे असंबद्ध झाले, फेफरे आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो. ताबडतोब सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही चालतो. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

लक्षात ठेवा

पक्के घर ही सुरुवात आहे. त्याला पडवी, सावली आणि दरवर्षी चुन्याचा एक हात मिळाला की ते आपल्या हवेचे घर होते. खर्च करण्याआधी तळहात भिंतीला लावा आणि रात्री नऊ वाजता ती काय सांगते ते पाहा. सर्वांत गरम बाजू तीच, आणि पहिला रुपया तिच्यासाठीच.